टाळूचं ऑपरेशन, ऊसतोडीचा हंगाम आणि भुलीची भीती: एका बाळाची केस

मी भूलतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. लहान बाळाचं ऑपरेशन असलं की आईबाप हमखास विचारतात, "मॅडम, भुलीमुळं डोक्यावर परिणाम होत नाही ना?" या प्रश्नाला मी बरीच वर्षं एकच ठरलेलं उत्तर द्यायचे. एका केसनंतर ते देणं बंद केलं, तीच केस इथं लिहितेय. घरच्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

मुलगी फेब्रुवारीत जन्मली, पूर्ण दिवसांची, वजन २.६ किलो. वरचा ओठ डाव्या बाजूनं दुभंगलेला आणि टाळू मागपर्यंत फाटलेली. घरात पहिलं बोलणं नेहमीचंच, ग्रहणात हिनं विळीवर काहीतरी चिरलं असणार. आईनं हे दोन-अडीच महिने ऐकून घेतलं, नंतर अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे लहान मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, टीम आली त्यातल्या डॉक्टरनं सासूला समोर बसवून सांगितलं की ग्रहणाचा काही संबंध नाही, पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठ आणि टाळू जुळायचे राहतात, तेव्हा कुठं ते थांबलं.

टाळू फाटलेली असली की बाळाला अंगावर ओढून पिता येत नाही, तोंडात हवा बंदच होत नाही. ही माऊली दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायची, एका वेळेला पाऊण पाऊण तास. दिवसातून आठ वेळा पाऊण तास म्हणजे किती होतात ते बघा, आणि वर घरची कामं.

आईबाप दोघं ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं, पाडव्याच्या आसपास परत. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायलाच जावं लागतं. ऑपरेशन मोफत होतं, त्यामुळं पैशाची अडचण हॉस्पिटलात नव्हती, हंगामात होती. हे मला फार उशिरा कळलं कारण मी विचारलंच नव्हतं.

ओठाचं ऑपरेशन जुलैत, साडेचार महिन्यांची असताना झालं. ओठासाठी जुना दहाचा नियम आहे, दहा आठवडे वय, दहा पौंड वजन, दहा हिमोग्लोबिन. पोरगी तिन्हीत बसत होती, हिमोग्लोबिन १०.२ होतं. भूल १ तास ३५ मिनिटं चालली, काही त्रास नाही.

ऑपरेशनच्या आधी फिटनेसला, म्हणजे भूल देता येईल का या तपासणीला, आली तेव्हा आईनं तोच प्रश्न विचारला होता. बाहेर तीसेक लोक बसलेले, मी म्हणाले, "काही होत नाही ताई, काळजी करू नका." तिनं मान हलवली आणि मी पुढचा पेपर ओढला.

अडचण कशी सुरू झाली

सप्टेंबरमध्ये, सात महिन्यांची असताना, तीन गोष्टी एकदम समोर आल्या. टाळूच्या ऑपरेशनची तारीख ठरवायची होती. कानाची बेरा टेस्ट, म्हणजे बाळ झोपेत असताना डोक्याला तारा चिकटवून ऐकू येतं का ते बघायची तपासणी, करायची होती कारण जन्मानंतरची ऐकण्याची तपासणी पास झाली नव्हती, टाळू फाटलेल्या मुलांच्या कानात पाणी साठतं, कानाची नळी उघडणारा स्नायू टाळूतच असतो आणि तो नीट जुळलेला नसतो. तिसरं म्हणजे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ वर आलेलं. बाळ नुसत्या दुधावर, वरचं खाणं नाकातून येतं म्हणून आई भरवायलाच घाबरायची, मग लोह कुठून मिळणार.

बेराच्या कागदावर कुणीतरी सवयीनं लिहिलं, "गुंगीचं औषध देऊन करणे". तो कागद घेऊन ते घरी गेले आणि आठ दिवसांनी मला फोन आला. पोरीचा काका, डी. फार्मसीला शिकणारा पोरगा. आवाज नम्र पण पक्का.

"मॅडम, एकदा भूल दिली, आता गुंगी देणार, मग टाळूला परत भूल, आणि डॉक्टर म्हणाले कानात नळी टाकायची तर परत. तीन वर्षांच्या आत चार वेळा. अमेरिकेच्या एफडीएनं तर वॉर्निंग दिलीय. तुम्ही वहिनीला सांगितलं काही होत नाही. मग ते खोटं का हे?"

बाप मागून बोलत होता, "पोरगी बोलली नाही तरी चालंल, पण येडी नको व्हायला."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. टाळू शिवली नाही तर बोलणं नीट येत नाही, म्हणून त्यांच्या दृष्टीनं आता दोनच गोष्टी तराजूत होत्या, बोलणं आणि बुद्धी, आणि बाप बोलणं सोडायला तयार झाला होता. टाळूचं ऑपरेशन तीन वर्षांनंतरच करायचं असं घरात ठरलेलं होतं. बेरालाही ते आले नाहीत.

काकानं वाचलेलं काय होतं

पोरानं वाचलेलं खोटं नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं. एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, १४ डिसेंबर २०१६ ला खरंच सूचना काढली होती, की तीन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला भुलीची आणि गुंगीची काही औषधं वारंवार किंवा सलग तीन तासांहून जास्त दिली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. त्यात अकरा औषधं होती, आम्ही रोज वापरतो तो सेवोफ्लुरेन गॅस, प्रोपोफॉल, केटामाइन, मिडाझोलम, सगळी त्यात. त्याच्याकडं ह्याचाच स्क्रीनशॉट होता. पण २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याच एफडीएनं परत लिहिलं की गरजेची ऑपरेशनं या कारणानं पुढं ढकलू नका किंवा टाळू नका, आणि जे खरोखर थांबू शकतं ते थांबवायचा विचार करा. हा अर्धा भाग त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

मी त्यांना हॉस्पिटलला बोलावलं आणि ओपीडी संपल्यावर सव्वा तास बसले. आई, बाप, काका आणि आजी. त्या सव्वा तासात जे बोलणं झालं ते जरा सविस्तर लिहिते, कारण केसचा खरा निर्णय तिथं झाला.

काकाचा पहिला प्रश्न, नेमकं होतं काय मेंदूत? मी शेतातलं उदाहरण दिलं. पेरताना बी दाट पडतं, मग आपण विरळणी करतो, कमजोर रोपं उपटून टाकतो. मेंदूतही जन्माच्या आसपास गरजेपेक्षा जास्त पेशी आणि जोडण्या तयार होतात आणि ज्यांना काम मिळत नाही त्या आपोआप गळतात, हे नैसर्गिक आहे. कुठलं रोप ठेवायचं हे ठरतं पेशींमध्ये चालणाऱ्या संदेशांवरून. भुलीची औषधं ते संदेशच काही वेळ दाबतात, काही औषधं शांत करणारी यंत्रणा वाढवतात, काही उत्तेजन देणारी थांबवतात. विरळणीच्या ऐन दिवसांत बराच वेळ संदेश बंद राहिले तर चांगली रोपंही उपटली जातील, ही ती भीती.

ती भीती हवेतून आलेली नाही. १९९९ मध्ये उंदराच्या पिल्लांवर दिसलं की अशा प्रकारच्या औषधांनी मेंदूतल्या पेशी जास्त प्रमाणात गळतात. २००३ मध्ये सात दिवसांच्या पिल्लांना मिडाझोलम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन असं मिळून सहा तास दिलं, तर पेशी तर गळल्याच आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर शिकण्यातही मागं पडली. पुढं माकडांच्या सहा दिवसांच्या पिल्लांना पाच तास आयसोफ्लुरेन देऊन बघितलं, तिथंही पेशी गळलेल्या दिसल्या.

हे ऐकून आईचा चेहरा उतरला. मला वाटलं आपण चूक केली, एवढं सांगायला नको होतं. पण काका पुढं सरकून बसला, म्हणाला, "मग माणसाच्या पोरांचं काय निघालं?" म्हणजे आता तो ऐकायला लागला होता. आधीच्या "काही होत नाही"नं जे तुटलं होतं ते इथं थोडं जुळलं असं मला आजही वाटतं.

माणसांच्या मुलांचं मग असं सांगितलं. एक मोठी चाचणी झाली, ७ देशांतल्या २८ हॉस्पिटलांत, हर्नियाच्या ऑपरेशनला आलेली ७२२ तान्ही बाळं. चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटली, अर्ध्यांना सेवोफ्लुरेनची पूर्ण भूल, अर्ध्यांना जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला, एका गटाचा ९९.०८, दुसऱ्याचा ९८.९७. फरक नाहीच म्हणायचा. निकाल २०१९ ला आला. अमेरिकेत १०५ भावंडांच्या जोड्या घेतल्या, एकाला तीन वर्षांच्या आत हर्नियासाठी भूल मिळालेली, दुसऱ्याला नाही, आठ ते पंधरा वर्षांच्या वयात दोघांचा सरासरी बुद्ध्यांक १११.

"मग झालं की," बाप म्हणाला.

झालं नव्हतं. त्या पहिल्या चाचणीत भूल साधारण तासाभराचीच होती, आणि त्यात बहुतेक मुलगेच. आपली मुलगी, तिला एकदा दीड तास होऊन गेलेला आणि पुढं दोन-अडीच तास व्हायचे. तिच्यासारख्यांच्या सगळ्यात जवळचा अभ्यास म्हणजे अमेरिकेत मेयो क्लिनिकचा, २०१८ चा, ९९७ मुलांचा. त्यातल्या २०६ मुलांना तीन वर्षांच्या आत एकाहून जास्त वेळा भूल मिळाली होती. बुद्ध्यांकात त्यांच्यात आणि भूल न मिळालेल्यांत दखल घ्यावा असा फरक नव्हता. पण कामाचा वेग आणि बोटांची बारीक हालचाल थोडी कमी दिसली आणि आईबापांनी वाचनाच्या आणि वागण्याच्या तक्रारी जास्त सांगितल्या. ज्या मुलांना पुन्हा पुन्हा भूल लागते ती मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळं हे भुलीमुळं की आजारामुळं हे त्या अभ्यासातून सुटत नाही. मी त्यांना अगदी याच शब्दांत सांगितलं, "एकदा थोडा वेळ भूल, याची मला भीती वाटत नाही. वारंवार दिली तर थोडा परिणाम होऊ शकतो, नक्की कुणालाच म्हणता येत नाही, पण पोरगी येडी होईल असं कुठल्याच अभ्यासात निघालेलं नाही."

मग काकानं फार हुशारीचा प्रश्न विचारला, "मग भूल कमी द्या ना, अर्धवट." त्याला जुनी गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत नवजात बाळांची ऑपरेशनं नुसतं हालचाल थांबवणारं औषध आणि नावापुरती भूल देऊन व्हायची, बाळांना दुखतच नाही असा समज होता. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८७ मध्ये दाखवलं की दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनला फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक नीट दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात. अर्धवट भुलीत कापलेल्या बाळाच्या मेंदूला काय झेलावं लागतं हे आम्ही एकदा बघून झालेलं आहे. कमी करायचंच असेल तर दुखणं दुसऱ्या वाटेनं बंद करायचं, नस बधिर करायची, म्हणजे गॅस आपोआप कमी लागतो.

आजी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "तीन वर्सं थांबलं तर काय बिघडतंय ते सांगा की." सव्वा तासातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न.

थांबलं तर काय बिघडतं

मूल सहा-सात महिन्यांपासून आवाज जुळवायला लागतं. प, ब, ट, ड, क, ग हे आवाज काढायला तोंडात हवा कोंडावी लागते, टाळूला भोक असेल तर हवा नाकातून निघून जाते. म आणि न जमतात कारण ते नाकातलेच. म्हणून अशी मुलं "मम्मी" म्हणतात, "बाबा" म्हणू शकत नाहीत. मूल थांबून राहत नाही, ते घशातून आवाज काढायची दुसरी पद्धत शोधतं आणि ती एकदा बसली की नंतर टाळू शिवली तरी जात नाही, वर्षानुवर्षं स्पीच थेरपी लागते. २०२३ मध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या ५५८ बाळांची चाचणी छापून आली, निम्म्यांची टाळू सहाव्या महिन्यात शिवली, निम्म्यांची बाराव्या. पाचव्या वर्षी टाळू मागून नीट बंद न होणारी मुलं पहिल्या गटात ८.९ टक्के निघाली, दुसऱ्यात १५. नुसत्या सहा महिन्यांच्या फरकानं एवढं. तीन वर्षांचं मग मीच त्यांना हिशेब करायला सांगितला.

आणि कान. पाण्यामुळं कमी ऐकू येणारं मूल बोलायला आणखी उशिरा शिकतं. ऐकणं आणि बोलणं ही मेंदूचीच वाढ आहे, हे मला त्यांना पटवायचं होतं. बापाच्या तराजूत बोलणं एका पारड्यात आणि बुद्धी दुसऱ्या, तर मी म्हणाले दादा, ही दोन्ही एकाच पारड्यातली आहेत.

पर्याय कुठले होते

तीन वर्षं थांबणं आजीच्या प्रश्नानंतर जवळजवळ बाजूला पडलंच.

दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, टोळी निघायच्या आत करून टाकायचं, हे घरच्यांना सगळ्यात सोयीचं होतं. सर्जनही तयार होते. मीच अडले. हिमोग्लोबिन साडेआठ, टाळूच्या ऑपरेशनला रक्त जातं, आणि त्यात नुकतीच सर्दी होऊन गेलेली. ऑपरेशनच्या वेळी बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, बीपी पडणं, साखर उतरणं, अंग थंड पडणं, यानं होणारं नुकसान गॅसच्या संशयापेक्षा कितीतरी खात्रीचं आहे. युरोपातल्या लहान मुलांच्या भूलतज्ज्ञांचा सेफटॉट्स म्हणून एक उपक्रम आहे, त्यांचा भर सगळा यावरच आहे, की कुठलं औषध यावर भांडत बसण्यापेक्षा भूल चालू असताना बाळाचं रक्त, श्वास, साखर, तापमान जागेवर ठेवा. भुलीची भीती घालवायला म्हणून रक्त कमी असलेल्या बाळाला घाईनं टेबलवर घेणं मला पटेना.

हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये, म्हणजे चौदा महिन्यांची असताना, हा तिसरा पर्याय. वैद्यकीय दृष्ट्या हे काही फार चुकीचं नव्हतं, आपल्याकडं कितीतरी मुलांचं त्याहून उशिरा होतं. पण मधले पाच महिने पोरगी उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणार, लोहाचं औषध कोण देणार, सर्दी-खोकला कोण बघणार, कानाचं काय.

चौथा, डिसेंबरमध्ये करायचं. म्हणजे लोहाला बारा आठवडे मिळतात आणि वयही दहाव्या महिन्यात. पण त्यासाठी आईला मागं राहावं लागणार होतं. कोयता म्हणजे जोडपं, एकटा गेला तर अर्धा कोयता, मजुरी अर्धी आणि उचल तशीच अंगावर.

हा निर्णय मी घेऊ शकत नव्हते, मी तो मांडून गप्प बसले. चार दिवसांनी काकाचा फोन आला. आजी पोरासोबत कोयत्यात जाणार होती, सून घरी राहणार. ती बाई पन्नाशी ओलांडलेली, गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं ऊस सोडलेली. ग्रहणावरून सुनेला बोलणारीही तीच.

काय केलं

पहिलं काम, गुंगीची एक वेळ कमी केली. बेरा टेस्ट झोपेत होते, ती झोप औषधाचीच पाहिजे असं काही नाही. आईला सांगितलं, पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, इथं आल्यावर पोटभर पाजा आणि अंधाऱ्या खोलीत झोपवा. पहिल्या खेपेला तारा चिकटवताच पोरगी उठली, सगळी मेहनत वाया. दुसऱ्या खेपेला झालं, दोन्ही कानांत मध्यम प्रमाणात कमी ऐकू येत होतं, पाणी साठलेलं होतंच. दोन फेऱ्यांचं एसटीचं भाडं आणि दोन दिवस गेले, पण गुंगी टळली.

दुसरं, लोहाचे थेंब रोज आणि आहार. काकानं वहिनीला फोनवर गजर लावून दिला. नाचणी आणि डाळ घट्टसर करून, बाळाला बसवून, चमचा गालाच्या बाजूनं. डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन १०.८.

तिसरं, टाळू आणि कान एकाच भुलीत करायचं ठरवलं. हे ऐकायला सोपं वाटतं. कानाचे सर्जन दुसऱ्या शहरातून यायचे, त्यांचा वार वेगळा, टाळूवाल्या सरांचा वेगळा. तारीख जुळवायला चार दिवस ऑपरेशन पुढं गेलं, मी दोघांना इतके फोन केले की माझाच मला कंटाळा आला. पण वेगळं केलं असतं तर तीन वर्षांच्या आत आणखी एक भूल, ती वाचली.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवण्याचं नीट समजावलं, आईचं दूध चार तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. आमच्याकडं रात्री बारापासून उपाशी ठेवायची जुनी सवय आहे, दहा महिन्यांच्या बाळाची साखर त्यात उतरू शकते. गॅस हुंगवून झोपवलं, सलाईन लावलं, श्वासाची नळी घातली, मग दोन्ही बाजूंनी टाळूला जाणारी नस बधिर केली. त्यामुळं सेवोफ्लुरेन बऱ्यापैकी खाली ठेवता आला. सोबत थोडं डेक्समेडेटोमिडीन, हे गुंगीचं औषध एफडीएच्या त्या यादीत नाही. ते मेंदूला जास्त सुरक्षित आहे असं मात्र मी म्हणणार नाही, गॅस कमी लागतो आणि जागं होताना बाळ कमी तडफडतं एवढं मला दिसतं.

एक क्षण असा आला की सगळी चर्चा बाजूला राहिली. तोंड उघडं ठेवायला लावतात त्या लोखंडी साधनाच्या दाबानं नळी चेपली, श्वास द्यायच्या फुग्याला जास्त दाब लागायला लागला आणि ऑक्सिजन ८८ वर आला. सरांना थांबायला सांगितलं, साधन सैल केलं, नळी बघितली, मिनिटाच्या आत ९७. ही गोष्ट टाळूच्या ऑपरेशनमध्ये होते, माहीत असलं की पटकन सापडते. मी नंतर घरच्यांना हेही सांगितलं. गॅसची चर्चा सव्वा तास केली आणि हे लपवलं तर त्याला काय अर्थ.

भूल एकूण २ तास २५ मिनिटं. आधीची धरून चार तास. म्हणजे सलग तीन तासांच्या आत राहिलो, पण "वारंवार" या शब्दातून सुटलो नाही, आणि ते मी पेपरवर तसंच लिहून दिलं.

निकाल

रात्रभर जवळ ठेवून श्वासावर लक्ष ठेवलं, टाळूला सूज येते म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटीनं दूध प्यायली. तोंडात हात घालू नये म्हणून कोपराला पट्ट्या बांधल्या, त्यावरून रडली ते वेगळंच. बाप फडावरून एक दिवसाची सुट्टी काढून सहीला आला होता, संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

कानांत नळ्या बसल्यावर आई म्हणाली, कुकरची शिट्टी झाली की आता दचकते. दीड वर्षाची असताना जिल्ह्याच्या केंद्रात वाढीची तपासणी झाली, चालणं, ठोकळे रचणं, बोट दाखवणं वयाप्रमाणं. बोलण्यात प आणि ब येतात. क अजून घशातून काढते, त्यासाठी स्पीच थेरपी चालू आहे, हंगामात व्हिडिओ कॉलवर, रेंज असेल तेव्हा.

या एका पोरीवरून भुलीनं काही होत नाही असं म्हणता येणार नाही. वाचनाचा, वेगाचा फरक असलाच तर तो शाळेत गेल्यावर दिसेल, म्हणून तिच्या फाईलमध्ये मी सहाव्या-सातव्या वर्षी शाळेतल्या प्रगतीची चौकशी करायची नोंद करून ठेवलीय.

परत वेळ आली तर

हे बोलणं मी जुलैत, ओठाच्या आधी करेन. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या बाळाला तीन वर्षांच्या आत किती वेळा भूल लागणार हे जन्माच्या आठवड्यातच साधारण माहीत असतं, मग सगळा हिशेब एकदम मांडायला काय हरकत होती. ओठाच्या वेळेलाच कान तपासून घेतले असते तर पाणी तेव्हाच कळलं असतं. लोहाचे थेंब चौथ्या महिन्यापासून चालू असते तर कदाचित ऑक्टोबरमध्ये दिवाळीआधी ऑपरेशन झालं असतं आणि आजीला ऊस तोडायला जावं लागलं नसतं. हे मला सगळ्यात जास्त लागतं. माझ्या विषयातली चूक नाही, पण त्या बाईच्या गुडघ्यांनी ती भरली.

आणि "तुम्ही कामाला बाहेरगावी कधी जाता" हा प्रश्न आता माझ्या फिटनेसच्या फॉर्मवर आहे, ॲलर्जीच्या खालीच.

काकाचं म्हणणं सुरुवातीला मला उद्धटपणा वाटलं होतं, हेही लिहिते. आमच्यात व्हॉट्सअॅप डॉक्टर म्हणून अशा नातेवाईकांना झटकायची पद्धत आहे. त्यानं स्क्रीनशॉट काढला नसता तर बेराला गुंगी दिली गेली असती, कान वेगळ्या दिवशी झाले असते, आणि मी दोन भुली जास्त दिल्या असत्या आणि तरी "काही होत नाही" म्हणत राहिले असते.

आत्ताची स्थिती

पोरगी दोन वर्षं दोन महिन्यांची आहे. टाळूच्या पुढच्या भागात मसुराएवढं भोक राहिलंय, असं काही मुलांत होतं. पाणी घाईनं प्यायली तर कधीतरी नाकातून थेंब येतो, बोलण्यावर त्याचा परिणाम नाही असं थेरपिस्टचं मत. सर्जन म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, टाकू बंद करून. या वेळी आम्ही सगळे, काका धरून, बसलो आणि थांबायचं ठरवलं, चार वर्षांची होईपर्यंत तरी, कारण आता थांबण्यानं तिचं काही जात नाहीये. दर तीन महिन्यांनी बघायचं, बोलणं बिघडतंय असं वाटलं तर परत विचार. पुढची तारीख पाडव्यानंतरची दिलीय.